न झिजलेलं जस्त

अरोउसाच्या खाडीत ओहोटी लागली
की बाल्बिनाची होडी चिखलात कुशीवर होते,
गाय रवंथ करायला बसावी तशी.
मी पान्हा घेऊन तिच्या पोटाखाली शिरते.
पाणी परत यायला साडेपाच तास.

सुकाणूची पट्टी काशाची, जुनी, जाड,
आणि तिला धरणारे बोल्ट लोखंडी.
हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे.
ज्या वर्षी शिंपल्यांचा भाव पडला
आणि आमच्या शेडमध्ये काशाचा एक बोल्ट उरला नाही
त्या वर्षी माझ्या बापाने केलं,
आणि म्हणाला, जस्त लावलंय, काळजी नको.

तो सांगायचा, धातूंची भाऊबंदकी असते.
कोरडे असले तर एका ताटात जेवतील.
मध्ये खारं पाणी शिरलं
की एक दुसऱ्याला खायला बसतो.
आणि उमद्या घरचा कधी खाल्ला जात नाही, उशीआ,
जातो तो साधा.
म्हणून तिसरा बोलवायचा, दोघांहून साधा,
त्याला पुढे करायचं.

पहिल्या बोल्टचं डोकं बाहेरून शाबूत.
पान्हा लावला, आणि ते न फिरताच हातात आलं.
आत, ओकच्या लाकडात, जाड दांड्याच्या जागी
उंदराने कुरतडलेली पेन्सिल.
भोवतीचं लाकूड काळं,
नखाने खरवडलं तर भिजल्या पावासारखं निघालं.
काशाला ओरखडासुद्धा नाही.
फक्त कडेकडेने कळकलेल्या ताकाचा रंग.

मग वीतभर वर पाहिलं.
जस्ताचा गोळा अखंड.
सहा वर्षं समुद्रात, आणि कडा तशाच,
कारखान्याचा शिक्का बोटाला लागतो.
जे झिजायलाच आणलं ते झिजलं नव्हतं.
तो गोळा बघून माझ्या पोटात गोळा आला.

चाकूने खरवडलं.
निळा. त्याखाली निळा. त्याखाली पुन्हा निळा.
होडीचाच निळा, दर एप्रिलचा एक हात,
आणि इतक्या निगुतीने की कुठे ओघळ नाही.
फेर्मीन दुसऱ्या कुठल्याच कामात इतका नीटनेटका नव्हता.
जाळी गुंतवायचा, दोर चुकीचे कापायचा,
पण रंगवताना जीभ दातात धरून रंगवायचा.
रंगाच्या आत जस्त कोरडं बसलं,
घरात पाहुणा बसावा तसं,
आणि बाहेर लोखंडाचा जीव जात राहिला.

फेर्मीन फेब्रुवारीत गेला. दवाखान्यात, उशीवर.

बाल्बिना धक्क्यावर रबरी बुटांत उभी.
तिला ताराफ्यांकडे जायचंय, दोर जड झालेत,
वरून विचारते, काय निघालं?
मी म्हणाले, समुद्राने खाल्लं.
ती म्हणाली, समुद्र काय, सगळंच खातो.
आणि तिकडेच बघत राहिली.

काशाचे सहा बोल्ट बसवले, महागाचे.
सडकं लाकूड कोरून काढलं, नवीन डूक मारलं.
जस्त नवीन, उघडं, राखेच्या रंगाचं.
जुनं तिने मागून घेतलं.
का ते मी विचारलं नाही.
एप्रनच्या खिशात टाकल्यावर खिसा एका बाजूला ओढला गेला.

भरती चिखलावरून सरकायला लागली तेव्हा
मी घाईघाईने होडीच्या बुडावर खडूने लिहिलं,
एप्रिलमध्ये जो कुणी ब्रश घेईल त्याच्यासाठी:
याला रंग लावू नये.

उठून पाहते तर ती वाकून वाचत होती.
एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा.
हात खिशावर गेला.

काही बोलली नाही.
पाणी पहिल्यांदा खडूपर्यंत आलं,
मग जस्तापर्यंत.
आम्ही दोघी तिथेच उभ्या,
बूट भिजेपर्यंत.